ही गोळी कशाची, किती आणि कुठवर?

(कोल्हापुरात झालेल्या स्त्री-आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून इथे देत आहोत.)



मला इथे बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. शाळेत मराठी शिकवते. पण एक गोळी मी २००१ सालापासून जवळजवळ रोज घेते आहे. तिने मला उभं ठेवलं, आणि तिच्याबद्दल मला कुणी धड काही सांगितलं नाही म्हणून मी तीनदा ठेचही खाल्ली. त्या तीन ठेचा तुम्हाला सांगाव्यात, म्हणजे निदान तुमच्यापैकी एखादीची तरी एक ठेच वाचेल, एवढ्यासाठी उभी आहे.

ही बघा ती गोळी. पट्टी मागच्या रांगेपर्यंत फिरवा, पण परत द्या हं, उद्याची गोळी त्यातच आहे. नाव वाचा: हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. लांबलचक आहे, पण मोठ्याने वाचा. आपण ‘पांढरी गोळी’, ‘लाल गोळी’, ‘सांध्याची गोळी’ म्हणतो आणि तिथेच पहिली चूक करतो. पांढऱ्या गोळ्या दुकानात हजार आहेत.

ही मुळात मलेरियाची गोळी. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून कोयनेल काढत, ते तुमच्या आज्यांना माहीत असेल. पुढे १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्वीन तयार झालं आणि १९४६ साली त्याचीच थोडी सौम्य बहीण, ही हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मलेरिया होऊ नये म्हणून याच प्रकारची औषधं देत असत. तेव्हा असं दिसलं की ज्यांना सांधेदुखी किंवा अंगावर चट्टे होते त्यांना त्या गोळ्यांनी बरं वाटतंय. युद्धानंतर डॉक्टरांनी ती संधिवाताला आणि ल्यूपसला वापरायला सुरुवात केली.

ल्यूपस म्हणजे काय? आपल्या शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्यावर उलटते. घरचा राखणदार घरच्यांनाच मारायला लागतो, तसं. सांधे, कातडी, मूत्रपिंड, रक्त, कशावरही हल्ला होतो. या आजाराच्या दहा रोग्यांपैकी साधारण नऊ जणी बायका असतात, आणि त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या, पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंतच्या वयातल्या. आमवातातही बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. तेव्हा डासाच्या तापासाठी काढलेली ही गोळी आज फार मोठ्या प्रमाणावर बायकांच्या पोटात जाते. म्हणून तिचा विषय आपल्या शिबिरात.

पहिली ठेच: ‘रोज दोन, जेवल्यावर’

मी सत्तावीस वर्षांची होते. गालांवर लाली यायची, बोटं सकाळी वळायची नाहीत, केस मूठमूठ गळायचे, बारीक ताप असायचा. कुणी म्हणालं रक्त कमी आहे, कुणी म्हणालं दृष्ट लागली, एका डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन ‘मनाचं आहे, मूल झालं की बरं वाटेल’ असं सांगितलं. दुखणं माझं आणि निदान नवऱ्याच्या कानात! दोन वर्षं अशी गेली. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या आणि ल्यूपस असल्याचं सांगितलं. त्यांनी ही गोळी लिहून दिली. त्यांचे उपकार आहेत, आजार ओळखला त्यांनी. पण गोळीबद्दल त्यांनी मला चार शब्द सांगितले: ‘रोज दोन, जेवल्यावर.’

दोन गोळ्या म्हणजे ४०० मिलिग्रॅम. माझं वजन तेव्हा ४४ किलो.

आता हिशोब सांगते, वहीत लिहून घ्या. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम, असं आज डोळ्यांचे आणि सांध्यांचे तज्ज्ञ मानतात. ४४ किलोच्या बाईला दिवसाला २२० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ४०० मिलिग्रॅम हा ८० किलोच्या माणसाचा डोस आहे. आपल्याकडच्या किती बायका ८० किलोच्या असतात? पण मला वजनाच्या काट्यावर कुणी उभंच केलं नाही. तेव्हाचे नियम आजच्यासारखे कडक नव्हते हे खरं, पण वजन न बघता औषध देणं तेव्हाही बरोबर नव्हतंच.

याचा त्रास लगेच दिसत नाही, तिथेच सगळी मेख आहे. ही गोळी सावकाश काम करते. गुण यायला दोन-तीन महिने, कधी सहा महिनेही लागतात. पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही म्हणून कित्येकजणी सोडून देतात, तसं करू नका. आणि जशी सावकाश काम करते तशीच, क्वचित, सावकाश नुकसानही करते. ते नुकसान डोळ्याच्या पडद्यावर होतं.

२०१६ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी, एका नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘डोळे कधी तपासलेत?’ मी म्हटलं, ‘चष्म्याचा नंबर काढलाय की.’ त्या म्हणाल्या, ‘नंबर नाही, पडदा.’ हा फरक नीट लक्षात घ्या. मोतीबिंदूच्या शिबिरात जाऊन आलात किंवा चष्म्याच्या दुकानात नंबर काढलात, तर पडद्याची तपासणी झाली असं होत नाही. पडद्याचं बारीक चित्र घेणारं यंत्र असतं, त्याला ओसीटी म्हणतात. आणि दुसरी तपासणी नजरेच्या क्षेत्राची: पडद्यावर ठिपके चमकतात आणि दिसला की बटण दाबायचं. दोन्ही न दुखणाऱ्या.

माझ्या तपासणीत एका डोळ्यात संशय घेण्यासारखा बदल निघाला. पक्कं नुकसान म्हणता येईना, नाही असंही म्हणता येईना. माझी गोळी निम्म्यावर आणली आणि दरवर्षी तपासणी लावली. तेव्हापासून बदल वाढलेला नाही. पण त्या पहिल्या वर्षी मी वर्गात पुस्तक उघडलं की आधी डावा डोळा झाकून वाचायची, मग उजवा झाकून. एखादं अक्षर गळतंय का, हे बघायची. ज्या बाईचं पोट वाचण्यावर आहे तिला ही भीती काय असते, ते सांगता येत नाही.

नियम असा: गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासून घ्यायचा. पाच वर्षं झाली की दरवर्षी. ज्यांची मूत्रपिंडं कमकुवत आहेत, ज्यांना पडद्याचा आधीच आजार आहे किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी ज्या टॅमॉक्सिफेन घेतात, त्यांनी पाच वर्षं थांबायचंच नाही, लवकर सुरुवात करायची. घाबरून जाऊ नका. योग्य डोसमध्ये पहिल्या पाच वर्षांत पडद्याला इजा होण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी, दहा वर्षांपर्यंत दोनापेक्षा कमी. पण वीस वर्षांनंतर तो शंभरात वीसच्या आसपास जातो. आणि झालेली इजा भरून येत नाही. म्हणून ती दिसायला लागण्याच्या आधी पकडायची.

दुसरी ठेच: ‘दिवस गेलेत, मग गोळी बंद’

२००४ साली मला दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘आता त्या उष्ण गोळ्या बंद कर.’ मी एका डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, ‘बंद करा, उगाच धोका नको.’ मी बंद केल्या. बाळासाठी कोणती आई नाही म्हणेल? पाचव्या महिन्यात माझे पाय सुजले, रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिनं जायला लागली. ल्यूपस मूत्रपिंडात उतरला होता. महिनाभर दवाखान्यात होते. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, दीड किलोची. वाचली. तिला बघितलंत तर आज तुम्हाला पटणार नाही.

गोळी बंद केली म्हणूनच हे झालं, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण आज ल्यूपसचे डॉक्टर स्पष्ट सांगतात की गरोदरपणात ही गोळी चालू ठेवावी. तिने बाळाला व्यंग होत नाही, उलट आजार उसळण्याचं प्रमाण कमी होतं. अंगावर पाजतानाही चालते. मला हे कळलं तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची होती. तोवर मी स्वतःलाच दोष देत होते की माझ्याच शरीरात काही खोट आहे.

इथे एक गाठ मनाशी बांधा. ‘मलेरियाची गोळी गरोदर बाईला चालते की नाही’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण मलेरियाची गोळी एक नसते. क्लोरोक्वीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालतात. पण प्रायमाक्वीन नावाची तिसरी गोळी आहे, ती गरोदर बाईला अजिबात द्यायची नसते. नावं कानाला सारखी लागतात, म्हणून तर नाव वाचा म्हणते.

प्रायमाक्वीनचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे फडावर काम करणाऱ्या मैत्रिणी आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून आणि इतर जिल्ह्यांतून आपल्याकडे येतात. उघड्यावरच्या खोप्या, शेजारी पाटाचं पाणी, डास तर असणारच. मलेरियाचे दोन मुख्य प्रकार. त्यातल्या व्हायवॅक्स या प्रकारात तीन दिवस क्लोरोक्वीन देतात, त्याने ताप उतरतो. पण या प्रकारातला जंतू यकृतात दडून बसतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्या दडलेल्याला मारायला १४ दिवस प्रायमाक्वीन. ताप चौथ्या दिवशी गेलेला असतो. दवाखान्यात परत जायचं तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. मग उरलेल्या गोळ्या खोपीत तशाच राहतात. दोष त्या बाईचा नाही. पण चौदा दिवस का, हे तिला कुणी सांगितलं असतं आणि गोळ्या फडावर आणून दिल्या असत्या, तर तिने त्या पुऱ्या केल्या असत्या.

मागे एकदा आमच्या ओळखीच्या आशाताई अशाच एका टोळीत गेल्या होत्या. एका बाईच्या हातात प्रायमाक्वीनची पट्टी होती. आशाताईंनी विचारलं, ‘पाळी कधी आलती?’ ती म्हणाली, ‘दोन महिने झाले, न्हाई आली.’ नवरा बायको मिळून एक कोयता, दोघांची उचल घेतलेली, दिवस गेलेत हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. आशाताईंनी तिला सोबत घेऊन दवाखाना गाठला. तिथे प्रायमाक्वीन थांबवलं, बाळंतपणानंतर द्यायचं ठरलं. एका प्रश्नाने केवढं काम केलं बघा. पण तो विचारायचा तर चारचौघांत, नवऱ्यासमोर, मुकादमासमोर विचारून चालत नाही. बाजूला घेऊन विचारावा लागतो.

हे मात्र ऐकून कुणी गरोदर बाईच्या तापाकडे दुर्लक्ष करू नका. मलेरिया हाच गरोदरपणात फार वाईट. रक्त उतरतं, गर्भपात होतो, मूल कमी वजनाचं होतं. ताप आला की बोटाचं रक्त देऊन तपासायचं, सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. कोणता मलेरिया आणि कितवा महिना, यावर औषध ठरतं.

प्रायमाक्वीनची आणखी एक अडचण. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा एक घटक जन्मतः कमी असतो. एरवी त्यांना काही त्रास नसतो. पण ही गोळी घेतली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे होतात, धाप लागते. असं दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पारशी समाजात, काही आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आढळतं, पण ते कुणातही असू शकतं. हा दोष आईकडून मुलाकडे जातो, म्हणून घरात त्याचं खापर बाईवर फुटतं. आईच्या गुणसूत्रातून येतं हे शास्त्र आहे, आईचा गुन्हा नाही. आणि बायकांत तो अर्धवट असू शकतो, साध्या तपासणीत निसटतोही. तेव्हा लक्षणांवर नजर ठेवायची.

तिसरी ठेच: २०२० साल

मार्च २०२० मध्ये करोना आला आणि जगभर बातमी पसरली की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन त्यावर चालते. पुरावा फार थोडा होता. २२ मार्चला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रोग्याच्या घरच्यांना ती प्रतिबंधासाठी घेण्याची शिफारस केली. लोक दुकानांवर तुटून पडले. २५ मार्चला निर्यातीवर बंदी आली, २६ तारखेला सरकारने ती एच-वन यादीच्या नियमांखाली आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही आणि दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची. नियम चांगलाच. पण तोवर दुकानातली कपाटं रिकामी झाली होती.

माझ्याकडे नऊ गोळ्या होत्या. टाळेबंदी, गाड्या बंद. मी चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने मलाच उलटं विचारलं, ‘कुणाला करोना झालाय?’ मी माझी एकोणीस वर्षांची फाइल त्याच्यापुढे धरली. तो बिचारा म्हणाला, ‘बाई, मालच नाही.’ मी एकाआड एक दिवस गोळी घ्यायला लागले, मग दोन दिवसांआड. मेच्या शेवटी बोटं पुन्हा वळेनाशी झाली.

त्याच आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात आली. ती आता आशा आहे. मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांच्या घरोघर जाऊन ताप मोजत होती, तोंडाला ओढणी बांधून. तिने पिशवीतून पट्टी काढली.

‘बाई, ह्या गोळ्या तुम्हीच घेता न्हवं? आमास्नी वाटल्यात. घ्यायच्या का न्हाई?’

मी विचारलं, ‘तुला कुणी काही विचारलं का? वजन? हृदयाचा त्रास? दुसरी काही औषधं?’

‘न्हाई. सही घेतली.’

तिचं मूल सात महिन्यांचं होतं, अंगावर पीत होतं. २२ मे २०२० ला परिषदेने सुधारित शिफारस काढली होती. त्यात पहिल्या फळीतल्या कर्मचाऱ्यांचा समावेश केला होता, पण त्याच कागदात लिहिलं होतं की प्रतिबंधासाठी ही गोळी गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. हृदयाची लय बिघडलेल्यांना, जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांना, पडद्याचा आजार असलेल्यांना देऊ नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, समजावून सांगून संमती घेऊन द्यावी. कागदावर सगळं होतं. माझ्या विद्यार्थिनीपर्यंत फक्त पट्टी आणि सहीचं रजिस्टर पोचलं.

तुम्ही म्हणाल, आत्ताच तर सांगितलंस की पाजणाऱ्या बाईला चालते. हो, मला ल्यूपस असताना चालते. आजार आहे, तो मला मारू शकतो, तिथे फायदा मोठा आणि धोका छोटा. तिला आजार नाही, फायदा सिद्ध नाही, मग छोटा धोकासुद्धा तिने का घ्यायचा? गोळी तीच, पण दोन बायकांसाठी उत्तर वेगळं. म्हणून दुसरीची गोळी आपल्याला लागू होत नाही.

आता कबुली. तिच्या हातातल्या त्या पट्टीकडे मी कशी बघत होते, ते माझं मला माहीत. ती म्हणाली, ‘बाई, तुमीच ठेवा.’ मी ठेवल्या. चुकलं का? अजूनही मला नीट ठरवता येत नाही. डोस माझाच होता, औषध माझंच होतं. पण सरकारी रजिस्टरात ‘घेतल्या’ असं तिच्या नावापुढे लागलं, आणि मी एका आशाची गोळी चोरासारखी घेतली. उद्या कुणी हिशोब मागितला असता तर नोकरी तिची गेली असती, माझी नाही. एकीच्या हातात नको असलेली गोळी आणि दुसरीला हवी ती मिळत नाही, आणि दोघी एका उंबऱ्यावर. ही व्यवस्था आम्हा दोघींपैकी कुणीच केली नव्हती.

पुढे काय झालं? ५ जून २०२० ला ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. दवाखान्यातल्या १५४२ करोना रुग्णांना ही गोळी दिली होती, ३१३२ जणांना दिली नव्हती. २८ दिवसांत गोळीवाल्यांपैकी २५.७ टक्के दगावले, बाकीच्यांपैकी २३.५ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. आणि मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठीही ती वापरू नये असं ठामपणे सांगितलं.

आपल्या चळवळीला हे नवं नाही. १९८५ साली हैदराबादजवळ पाटनचेरूला नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन बायकांना पुरेसं न सांगता देण्याचा घाट घातला गेला होता. तेव्हा हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर मैत्रिणी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा प्रश्न हाच होता: जिच्या शरीरात औषध जाणार, तिला ते काय आहे हे सांगितलं का? आशांकडून सर्वेक्षण करून घेताना त्या कर्मचारी, मानधन मागताना त्या स्वयंसेविका, आणि गोळी वाटताना कोण? हाही प्रश्न आशांच्या संघटनांनी आणि आपण मिळून विचारायला हवा.

घरी गेल्यावर

थोडक्यात चार-सहा गोष्टी सांगते.

कोणतीही मलेरियाच्या घराण्यातली गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. शेजारणीला सांधेदुखीसाठी आपली द्यायची नाही. मी घेतली ते शिकण्यासारखं म्हणून सांगितलं नाही.

डॉक्टरांना आपणहून सांगायचं: दिवस गेलेत का किंवा जाण्याची शक्यता आहे का, अंगावर पाजता का, हृदयाचा, मूत्रपिंडाचा, झटक्यांचा आजार आहे का, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने साखर खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर साखर खाऊन डॉक्टरांना कळवायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी काही औषधं बरोबर घेतली तर हृदयाची लय बिघडू शकते. चक्कर, धडधड, शुद्ध जाणं, हे थांबून बघण्यासारखं नाही.

गोळी जेवणाबरोबर घ्यायची, पोट ढवळत नाही. पित्ताचं औषध घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. अंगाला खाज सुटली, कातडीवर काळसर डाग पडले तर डॉक्टरांना दाखवा. ‘काळी पडलीस’ म्हणून कुणी टोमणा मारला तर गोळी सोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लहान मुलांपासून लांब. मोठ्या माणसाची एक-दोन गोळ्यांची मात्रा दोन वर्षांच्या पोराचा जीव घेऊ शकते. उशीखाली, देव्हाऱ्यात, गॅसच्या कट्ट्यावर ठेवू नका. वर, कुलपात. पोराने गिळली असं नुसतं वाटलं तरी लक्षणांची वाट न बघता पट्टी हातात घेऊन दवाखान्यात पळायचं.

चिठ्ठीच्या दोन प्रती काढा, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. २०१९ च्या पुरात शिरोळच्या किती बायका चिठ्ठीशिवाय, गोळ्यांशिवाय छावणीत बसल्या होत्या, ते आपण पाहिलं आहे. एका महिन्याच्या गोळ्या नेहमी पुढे असू द्या.

शेवटचं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली गोळ्यांची पिशवी घेऊन यायची. सासूबाईंची, स्वतःची, सगळी. एकेक पट्टी काढून नाव वाचू. ही कशाची, किती घ्यायची आणि कुठवर घ्यायची, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या गोळीची देता येणार नाहीत, ती बाजूला ठेवू. फेकायची नाही, स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. दुसऱ्या दिवशी दोघीदोघींनी मिळून डॉक्टरांकडे जायचं आणि विचारायचं. एकटी गेलो की आपण ‘रोज दोन, जेवल्यावर’ ऐकून परत येतो. दोघी गेलो की एक ऐकते, एक लिहून घेते.

आणि कुणाकडे आहे ती माझी पट्टी? द्या बघू परत.